रोटाचे गहू

मागच्या ओट्यावर रत्नाला परत ठेच लागली. तोच अंगठा, तीच जागा. अर्ध्या ओट्यावर गुळगुळीत राखाडी फरशी, पुढे नुसता खडबडीत कोबा आणि मधे बोटभर उंचीची कड. हातात धुण्याची बादली असली की ती दिसत नाही, आणि दिसली तरी पाय नेमका तिथंच जातो. "आई गं," म्हणत ती खाली बसली. नखाच्या कडेनं रक्त आलं होतं, फार नाही. आतून तिचे यजमान, प्रेमराज, ओरडले, "कितीदा सांगितलं, बघून चालत जा म्हणून." पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. पण या ओट्यावर पुढेही तीच आणि मागेही तीच, त्यामुळे शहाणपण काही केल्या येत नव्हतं. तिनं अंगठा दाबून धरला आणि फरशीकडे बघत राहिली. फरशी अशी मधेच थांबली होती, कुणी बोलता बोलता उठून जावं तशी. कोपऱ्यात घमेलं पडलं होतं. त्यात कालवलेला माल तसाच वाळून दगड झाला होता आणि थापी त्यातच रुतून बसली होती. ती काढायला प्रेमराजांनी एकदा जोर लावून पाहिला होता, निघाली नाही. घमेलं फेकून द्या असं रत्ना म्हणाली नव्हती, तेही म्हणाले नव्हते. दुसरा फरशीवाला मिळत नव्हता. ठेकेदार फोनवर म्हणायचा, "वहिनी, सगळी बाहेरची पोरं सणाला गावी गेलीत." कुठला सण, ते तिनं विचारलं नाही. सण तर आता इथं होता, तिच्या घरी. बाहेरची पोरं कशाला गेली ते जळगावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

घरभराची फरशी आधीच्या फरशीवाल्यानंच बसवली होती. त्याला सगळे बंगाली म्हणायचे. उन्हाळाभर तो यायचा, रेल्वे फाटकापलीकडच्या खोलीतून, एका पोत्याच्या पिशवीत हत्यारं घेऊन. उकिडवा बसून रबरी हातोडीनं एकेक फरशी ठोकायचा, मग मान वाकडी करून कान लावायचा. आवाज पोकळ आला की फरशी उचलून परत माल भरायचा. कमलबाई, म्हणजे रत्नाच्या सासूबाई, खाटेवरून बघत असायच्या आणि म्हणायच्या, "जमीननी नाडी बघस हाऊ." दुपारी रत्नानं त्याला पहिल्यांदा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा दिला तेव्हा त्यानं एक घास बराच वेळ चावला, डोळ्यांतून पाणी काढलं, पाणी प्याला आणि अगदी हळू विचारलं, "काकीमा, चावल नहीं है?" ती इतकी हसली की तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून कुकरमध्ये एक वाटी तांदूळ जास्त पडू लागला. कमलबाई कुरकुरल्या, मजुराचे एवढे लाड कसले म्हणून, आणि चार दिवसांनी त्याच म्हणू लागल्या, "त्याले वरन वाढ, कोरडा भात खास तो." काकीमा या शब्दातला शेवटचा मा रत्नाला आवडायचा. पोटच्या पोरानं मम्मी म्हणायची सवय लावलेली, त्यामुळे मा असं सरळ कुणी म्हटलं की आत कुठं तरी बरं वाटायचं. आपण किती साध्या गोष्टींवर खूश होतो, असंही वाटायचं.

रत्नाच्या मुलाचं, ललितचं, आणि त्याचं मॅचपुरतं जमलं होतं. ललित बावीस वर्षांचा. परीक्षांचे फॉर्म भरण्यात आणि निकालांची वाट बघण्यात त्याची दोन वर्षं गेली होती, आणि त्यामुळे घरात कुणी काही बोललं तरी त्याला ते आपल्यालाच बोललं असं वाटायचं. पण संध्याकाळी काम उरकून बंगाली हातपाय धुवायला लागला की ललित मोबाइल घेऊन मागच्या ओट्यावर यायचा. दोघं भिंतीला टेकून बसायचे, एवढ्याशा पडद्यात डोकी घालून. चौकार गेला की दोघं एकदम ओरडायचे. रत्ना चहाचे दोन कप ठेवून जायची आणि दारातून मागं वळून बघायची. असं वळून बघितलेलं आता नको तेव्हा आठवायचं. गॅसवर दूध असताना, भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना, देवापुढं हात जोडल्यावर तर हमखास. दोन पाठी, एक हिरवा टी-शर्ट आणि एक सिमेंटनं पांढरा झालेला.

ती नव्हती त्या दिवशी. भावाचं ऑपरेशन म्हणून ती सकाळच्याच गाडीनं पाचोऱ्याला गेली. निघताना त्याला म्हणाली, भात वरच्या डब्यात आहे, घेऊन खा. तो म्हणाला होता, "कल खतम हो जाएगा काकीमा, पूरा ओटा." ओटा हा शब्द तो तिच्याकडूनच शिकला होता. चारेक दिवसांनी ती परत आली तेव्हा ओटा अर्धाच होता. गल्लीत शिरताना तिला सगळं नेहमीसारखं दिसलं, फक्त जरा जास्तच नेहमीसारखं. मंदिरासमोरचा रस्ता कुणी तरी पाणी मारून धुतलेला होता. प्रेमराजांनी बॅग हातातून घेतली. एरवी ते घेत नाहीत. घरात शिरल्यावर म्हणाले, "तो बंगाली गेला. हायवेवर ट्रकनं उडवला म्हणे. पेपरात आलंय." पेपरात चार ओळी होत्या. अज्ञात वाहनाची धडक, परप्रांतीय मजूर, उपचार सुरू असताना मृत्यू. तिनं त्या ओळी दोनदा वाचल्या. मग तिला एक अगदी साधा प्रश्न पडला. हायवे गावाच्या या टोकाला आणि त्याची खोली फाटकाकडं त्या टोकाला. तो हायवेवर कशाला जाईल? "जात असतील," प्रेमराज म्हणाले. "आपल्याला काय माहीत त्यांचं." कालपर्यंत जो 'तो' होता, तो आज 'त्यांचं' झाला होता.

मग हळूहळू तिला कळत गेलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी सांगत नव्हतं म्हणून. ती गेली त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर तो निरोप फिरत होता, की बाहेरून पोरं उचलणारी टोळी आली आहे, परप्रांतीय आहेत, बांगलादेशी आहेत, पोत्यात घालून नेतात. तिच्याही मोबाइलवर आला होता. तिनं तो नणंदेला पुढं पाठवलाही होता, काळजी म्हणून. हितेंद्र हा प्रेमराजांचा पुतण्या, दोन घरं सोडून राहायचा, कॉलनीच्या समितीचा अध्यक्ष. त्याची बायको सारिका एकदा पापड लाटता लाटता बोलून गेली, "पिशवीत काय आहे विचारलं तर उघडून दाखवायला नको का माणसानं काकू? आमची परी त्याच्या मागं मागं चालली होती..." आणि तिथंच लाटणं थांबलं. सारिकानं पदरानं तोंड पुसलं आणि पापड किती पातळ झालाय त्याबद्दल बोलू लागली. परी म्हणजे तिची लहान मुलगी. ती रोजच त्याच्या मागं जायची, हातोडी दे म्हणून. पिशवीत काय होतं ते रत्नाला पाठ होतं. हातोडी, दोरी, लेव्हल बघायची पाणसळ, आणि प्लास्टिकच्या डब्यात उरलेला भात, रात्रीसाठी.

कॉलनीनं मंदिराच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. बायकांनाही बोलावलं होतं, म्हणजे प्रकरण मोठं होतं. हितेंद्र माईक हातात घेऊन म्हणाला, "आपल्या कॉलनीत असा कुठलाही प्रकार घडलेला नाही. काही लोक मुद्दाम आपली बदनामी करतायत. आपण अतिथीला देव मानणारी माणसं आहोत." टाळ्या पडल्या. कॅमेऱ्यांसाठी ज्या कॉलनीनं घराघरातून वर्गणी काढली होती, दूधवाला किती वाजता येतो तेही जिथं कॅमेऱ्यात बघितलं जायचं, तिथले सगळे कॅमेरे त्या संध्याकाळी बंद होते. काय योगायोग म्हणायचा. रत्ना शेवटच्या रांगेत बसून एकेक तोंड बघत होती. शिकवणी घेणाऱ्या बाई, बँकेतले भाऊ, रोज सकाळी पोहे वाटणारे नाना. वाईट माणसं नव्हती ही. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला यांनीच पाळी लावून डबे दिले होते. हेच तिला सोसवत नव्हतं. वाईट असती तर सोपं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मारलंय ना त्याला?" प्रेमराज चप्पल काढत होते. ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कशाला उघडतेस?" आणि मग, तिच्याकडे न बघता, "आपल्यालाही पोरगा आहे."

ते वाक्य तिच्या अंगात काट्यासारखं मोडून बसलं. पोरगा आहे म्हणजे काय? ललितच्या उजव्या हाताला पट्टी होती. बाथरूममध्ये घसरलो, म्हणाला होता. त्याचा चौकडीचा शर्ट कपाटात नव्हता. दोरीवरून उडाला, म्हणाला होता. मागच्या दारानं तो आता जात नव्हता, मॅच लागली की मोबाइल उलटा ठेवायचा, आणि जेवताना भात घ्यायचा नाही. "त्या दिवशी कुठं होतास रे?" तिनं एकदाच विचारलं. "अभ्यासिकेत," तो म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला की तिनं पुढं विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, अशी तिला भीती होती. न विचारता तो तिचा तोच ललित होता, ताप आला की तिची साडी मुठीत धरून झोपणारा. चार पोरं धावत गेली असतील, हा मागं उभा असेल. किंवा नसेलच. सोडवायला गेला असेल आणि हाताला लागलं असेल, असंही असू शकतं. हे शेवटचं तिला फार आवडायचं. रोज भाजी निवडताना ती ते थोडं थोडं पुढं रचायची. ललित गर्दीत घुसतो, ओरडतो, अरे सोडा, हा आमच्याकडं कामाला आहे. मग भाजी संपायची आणि ती उठायची. तिच्यातल्या आईला एवढं एकच जाणून घ्यायचं होतं आणि एवढंच नको होतं.

आता श्रावण लागला होता आणि कानबाई देवीच्या रोटांचा, म्हणजे कुळाच्या नावानं नैवेद्याच्या पोळ्या भाजायचा, सण आला होता. कुळातले सगळे एका घरी जमायचे, यंदा त्यांच्याकडं. धाकटा दीर रूपचंद सुरतेहून बायकोला घेऊन आला होता, धुळ्याची चुलत मंडळी आली होती, हितेंद्र आणि सारिका तर घरचीच. रोटाच्या आधी गहू मोजायचे. कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, मग त्या सगळ्या गव्हाचं मिळून दळण. बायकांच्या नावाची मूठ नाही. बायकांनी मोजायचं, दळायचं आणि भाजायचं. लग्न होऊन आली तेव्हा रत्नाला त्याचं हसू आलं होतं. पण पुढं ललितच्या नावाची पहिली मूठ पडली तेव्हा ती आत जाऊन रडली होती, आनंदानं. कुळात मयत असलं की मात्र रोट नाहीत. सुतक म्हणजे सुतक. त्या वर्षी देवीलाही कुणी बोलावत नाही.

चहाच्या वेळी रूपचंदनं त्याची गोष्ट काढली. ती दर वर्षी निघायची. सुरतेत नवा असताना कुठल्याशा भांडणात बाहेरचे म्हणून त्यांच्या खोल्यांवर लोक चालून आले होते, आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. "बठ्ठासनी मारं माले," तो म्हणाला, आणि शर्ट सरकवून खांद्यावरचा उंचवटा दाखवला. "एक बाईनी दार उघाडं, माले घरमा लिधं, म्हनीसन मी आज आठे शे." सगळे हळहळले. हितेंद्र म्हणाला, "काका, माणुसकीच नाही हो लोकांत." तो हे मनापासून म्हणाला, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. रत्ना रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करत होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. एकाच माणसाच्या आत हे दोन्ही कसं मावतं, तिला कळेना. ललित उठून आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

मग कमलबाईंनी पाट मांडायला सांगितला. गव्हाचा डबा आला, सूप आलं, हळदकुंकू झालं. पंगत धरून बसावीत तशी सगळी भिंतीला लागून बसली. "यंदा गहू तू मोज वं रत्ना," कमलबाई म्हणाल्या. "मना हात आते थरथरस. नाव लिसन टाक." मान मोठा होता. सगळ्या जावा तिच्याकडं बघत होत्या. रत्नानं पदर खोचला आणि डब्यात हात घातला. गहू गार होते. मेलेल्या सासऱ्यांचं स्मरण झालं, मग वडीलकीनं नावं सुरू झाली. प्रेमराज. मूठ, आणि वर चिमटीभर. रूपचंद. मूठ, आणि वर चिमटीभर. धुळ्याचे दोघं. हितेंद्र. इथं तिची मूठ जरा घट्ट झाली, पण उघडली. दाणे सुपात पडताना बारीक पावसासारखा आवाज येत होता. मग ललित. तिनं मूठ भरली, सुपावर धरली आणि तोंड उघडलं. नाव येईना. बावीस वर्षं जे नाव ती दिवसातून शंभरदा हाकारत होती ते तिच्या जिभेवर येईना. ती काय बोलणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आई, आपल्याला रोट करता येणार नाहीत. आपल्या घरात सुतक आहे."

कुणाला आधी कळलंच नाही. सारिका हसली, मग थांबली. कमलबाईंनी मान वर केली. "देवीना समोर आसं काय बोलस वं? कोनं सूतक?"

"फरशीवाल्याचं."

"रत्ना," प्रेमराज म्हणाले.

"काकू, तो हायवेवर गेला," हितेंद्र म्हणाला. त्याचा आवाज माईकवरच्यासारखा झाला होता. "आपला काय संबंध? बाहेरचा माणूस. भाऊबंदांत बसवता का आता त्याला?"

"आपल्या घरात जेवायचा तो. आपल्या गल्लीत मेला. हायवेवर नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे." तिच्या हातातली मूठ तशीच सुपावर होती. "मी भाताला त्याची वाटी अजून घेते सकाळी. घेते आणि परत टाकते. कुणी तरी धरा ना त्याचं सुतक. त्याच्या घरी कळलं तरी आहे का?"

आता सगळे कमलबाईंकडं बघत होते. घरातलं सोवळंओवळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्या रागावल्या नाहीत. म्हातारीनं गुडघ्यावर हात ठेवून नेटानं विचार केला, एखाद्या अवघड नात्याचा करावा तसा, आणि विचारलं, "त्यानं नाव काय व्हतं?"

रत्ना आठवू लागली. चार महिने तिनं त्याला वाढलं होतं. त्याला भात किती लागतो, चहात साखर किती, ठेचा खाल्ल्यावर कान कसे लाल होतात, सगळं तिला माहीत होतं. नाव तिनं विचारलं नव्हतं. तिला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. "नाव नाही माहीत," ती म्हणाली.

"नावबिगर सूतक धरतस का वं माय?" कमलबाई म्हणाल्या, आणि त्यात वाद नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. प्रेमराजांनी मोठा श्वास सोडला. "बघ," ते मऊपणे म्हणाले. "नावसुद्धा माहीत नाही आपल्याला. ऊठ, हात धू. दमली आहेस तू." हितेंद्रनं सारिकाला डोळ्यानं खूण केली. सारिका रत्नाच्या हातातली मूठ सोडवायला पुढं झाली. एवढ्यावर ते मिटलं असतं. दळण गेलं असतं, रोट झाले असते.

"बिपुल," दाराशी उभा असलेला ललित म्हणाला.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बिपुल रॉय. बापाचं नाव निताई. कूचबिहारकडं गाव आहे कुठलं तरी. आई आहे." पाठ केलेलं घडाघडा म्हणावं तसं तो म्हणत होता. "तो सांगत होता. सारखं तेच सांगत होता, नाव, बापाचं नाव, गाव. परत पहिल्यापासून."

"लल्या, गप," हितेंद्र ओरडला.

रत्ना ललितकडं बघत होती. विचारू नकोस, असं तिच्या आत कुणी तरी कळवळून सांगत होतं. भाजी निवडताना रचलेलं ते सगळं, गर्दीत घुसणारा ललित, अरे सोडा म्हणणारा ललित, तिच्यासमोर अजून उभा होता. एक शब्द न विचारता तो तसाच राहिला असता.

"कोणाला सांगत होता?" तिनं विचारलं.

"मला," ललित म्हणाला. "मी समोर होतो ना. त्याला वाटलं मी ओळखतो म्हणून सांगेन सगळ्यांना."

हे बोलून तो दाराच्या चौकटीला टेकून घसरत खाली बसला. रूपचंद स्वतःचा खांदा धरून जमिनीकडं बघत होता. मग कमलबाई म्हणाल्या, "ते गहू परत भरी ठेवा. यंदा रोट नहीत. घरमा सूतक शे." आणि त्यांनी कपाळावरचं कुंकू पदरानं पुसायला घेतलं, मग आठवलं, की ते नवरा गेला तेव्हाच पुसलं आहे, आणि हात तसाच खाली ठेवला.

"मम्मी," ललितनं हाक मारली. लहानपणी ताप आल्यावर मारायचा तशी, बारीक. तो आता हुंदके देत होता, पट्टी सुटलेल्या हातानं तोंड झाकून. अशी हाक आली की रत्ना कुठंही असो, पोळी तव्यावर असो, पाहुणे असोत, उठून धावायची. आत्ताही ती अर्धी उठली. तिला त्याच्याजवळ जायचं होतं, त्याचं डोकं पोटाशी धरायचं होतं, आणि तिला वाटलं, तिकडं कूचबिहारकडं ती दुसरी बाई अशीच उठली असेल आणि जायला तिला जागाच नसेल. रत्ना परत पाटावर बसली. पोरगा हाका मारत राहिला.